टू-स्ट्रोक मोटरसायकल : रचना, विकास आणि अस्त

प्रस्तावना :
मोटरसायकलच्या इतिहासात इंजिनाच्या दोन परंपरा समांतर चालत आल्या आहेत. १८८५ मध्ये जर्मनीत डाइमलर व मायबाख यांनी तयार केलेल्या पहिल्या पेट्रोल दुचाकीचे इंजिन फोर-स्ट्रोक, म्हणजे चार धावांचे होते. दोन धावांचे टू-स्ट्रोक इंजिन नंतर आले, जगभर पसरले आणि रस्त्यावरून जवळजवळ नाहीसे झाले. या उदयास्तामागील तांत्रिक व सामाजिक कारणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना व कार्य :
फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे एकदा शक्ती मिळते; टू-स्ट्रोकमध्ये ती प्रत्येक फेरीत मिळते. झडपांचे काम सिलिंडरच्या भिंतीतील द्वारे करतात व त्यांची उघडझाप स्वतः दट्ट्याच करतो. त्यामुळे इंजिन हलके, स्वस्त व दुरुस्तीस सोपे होते. परंतु याच साधेपणात त्याचा दोष दडलेला आहे. ताजे मिश्रण आत येत असताना निष्कास द्वार उघडेच असते. परिणामी काही पेट्रोल न जळताच बाहेर पडते. शिवाय वंगणाचे तेलही इंधनाबरोबर जळत असल्याने निळसर धूर निघतो.

ऐतिहासिक विकास :
जर्मनीच्या डीकेडब्ल्यू कंपनीची आरटी १२५ ही १९३९ ची मोटरसायकल या परंपरेतील मैलाचा दगड होय. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील बीएसए बँटम (१९४८) आणि यामाहाची पहिली मोटरसायकल वायए-१ (१९५५) या तिच्याच आराखड्यावर बेतल्या गेल्या.

पुढील मोठी भर पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीचे अभियंते वाल्टर काडेन यांनी घातली. आधी रुंदावत जाणाऱ्या व मग निमुळत्या होणाऱ्या निष्कास नळीत परतलेली दाबलहर निसटू पाहणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, या तत्त्वाचा त्यांनी कौशल्याने उपयोग केला. १९६१ मध्ये त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती गाठली. त्याच वर्षी त्यांचा स्पर्धक-चालक अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे निसटला व सुझुकीस जाऊन मिळाला. १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद पटकावले.

भारतातील स्थिती :
भारतात जावा, येझदी व राजदूत यांनी टू-स्ट्रोक घरोघरी पोहोचवले; पुण्याजवळील आकुर्डी येथे तयार होणारी बजाज चेतक स्कूटरही दीर्घकाळ याच प्रकारची होती. पेट्रोल पंपावर इंधनात ऑइल मिसळून घेणे हा नित्याचा प्रकार होता. १९८५ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी यामाहाची चपळ टू-स्ट्रोक आरएक्स १०० आणि हीरो होंडाची काटकसरी फोर-स्ट्रोक सीडी १०० या दोन्ही बाजारात आल्या. प्रारंभी ग्राहकाला वेग की बचत एवढीच निवड करायची होती. मात्र १९९१ मध्ये उत्सर्जन मानके लागू झाली आणि १९९६ व २००० मध्ये ती अधिक कठोर करण्यात आली, तेव्हा निवडीचे निकषच बदलले. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, तर २००१ मध्ये आलेल्या बजाज पल्सरने फोर-स्ट्रोक इंजिनालाही वेगाची प्रतिष्ठा मिळवून दिली. २००२ पासून जागतिक शर्यतींच्या सर्वोच्च गटातही ९९० सीसी फोर-स्ट्रोक इंजिनांना प्रवेश मिळाला.

निष्कर्ष :
टू-स्ट्रोक इंजिन शक्तीत कमी पडले म्हणून मागे पडले नाही. त्याच्या स्वस्ताईचा लाभ चालकाला मिळत होता, तर तिची किंमत रस्त्याकडेचा विक्रेता, वाहतूक पोलीस आणि पादचारी आपल्या श्वासातून चुकवीत होते. उत्सर्जन मानकांनी ही न दिसणारी किंमत प्रथमच आराखड्याच्या हिशेबात आणली. यंत्राची गुणवत्ता केवळ ते वापरणाऱ्याच्या सोयीवरून ठरत नाही. त्याच्या सान्निध्यात जगणाऱ्यांचाही त्यात विचार करावा लागतो, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.