कार्यालयाची सफाई: बारकावे सांगून नव्हे, दाखवून शिकवा

एका कार्यालयात सफाई करणाऱ्या मावशी माझ्या दवाखान्यात आल्या. डोळ्यांतून पाणी, घशात जळजळ, खोकला थांबेना. संडास अधिक स्वच्छ व्हावा म्हणून त्यांनी ब्लीच आणि ॲसिड असलेले टॉयलेट क्लीनर एकत्र ओतले होते. या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद जागेत तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. "डॉक्टर, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नीट लक्ष देऊन काम करा" एवढे म्हणणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. लक्ष कुठे द्यायचे आणि का, हे समजावून द्यावे लागते.

काय शिकवावे?

• हात लागणाऱ्या जागा: दाराची मूठ, लिफ्टची बटणे, नळ, फ्लशचे बटण. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस अशा ठिकाणी काही दिवस टिकू शकतो. फरशी चमकली तरी या जागा राहून जातात.

• वेगळी फडकी: संडासासाठी लाल, टेबलांसाठी निळे. रंग ठरलेला असला की वाचता न येणाऱ्यांचाही गोंधळ होत नाही.

• क्रम: वरून खाली, कमी घाणीकडून जास्त घाणीकडे. संडास शेवटी.

• आधी साबण, मग जंतुनाशक: मळामुळे ब्लीचचा परिणाम कमी होतो. 5 टक्क्यांचे ब्लीच 20 मिलिलिटर घेऊन 1 लिटर द्रावण केले की ते 0.1 टक्के होते. ते रोज ताजे करावे. लावल्यावर लगेच पुसू नये. लेबलवर दिलेला वेळ जागा ओली राहू द्यावी.

• दोन रसायने कधीही एकत्र करू नयेत.

कसे शिकवावे?

पहिल्या दिवशी सोबत फिरून स्वतः करून दाखवा, मग त्यांच्याकडून करून घ्या. चित्रांचा तक्ता लावा. हातमोजे, पुरेशी फडकी आणि पुरेसा वेळ द्या. एकाच फडक्यात अख्खा मजला उरकायला लावून बारकाव्याची अपेक्षा करता येत नाही.

वायू नाकात गेल्यास

लगेच मोकळ्या हवेत जा. डोळे चुरचुरत असतील तर 15 मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. दम लागत असेल किंवा छाती भरून आल्यासारखी वाटत असेल तर रुग्णालयात जा. हा त्रास काही तासांनीही वाढू शकतो, म्हणून अंगावर काढू नका.