रहीमसाहेबांचा संघ आणि गॅरेजचा स्कॅनर

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताच्या फुटबॉल संघाला १०-१ असे हरविले. थंडीत आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. नांदेड-लातूरही तेव्हा हैदराबाद राज्यातच होते. रहीमसाहेब रडत बसले नाहीत. त्यांनी खेळाची मांडणीच बदलली. १९५६ साली मेलबर्नला भारत चौथा आला. १९६२ साली जकार्ताला आशियाई सुवर्णपदक मिळाले. त्या अंतिम सामन्यात जखमी बचावपटू जर्नेलसिंगला त्यांनी पुढच्या फळीत खेळविले आणि त्याने गोल केला.

नांदेड-लातूरच्या गॅरेजवाल्या बांधवांपुढे आज असाच प्रसंग आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आले. आता जेट साफ करून, स्क्रू फिरवून भागत नाही. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. तो नाही म्हणून परत पाठविलेले गिऱ्हाईक सहसा पुन्हा येत नाही.

मात्र स्कॅनर फक्त दिशा दाखवितो. तो सेन्सरचे नाव सांगतो, पण दोष तुटक्या वायरीत असू शकतो. तिथे उस्तादाचाच हात लागतो. जुन्या गाड्याही अजून येतात, तेव्हा जुनी हत्यारे टाकू नयेत. खर्च झेपत नसेल तर दोघातिघांनी मिळून स्कॅनर घ्यावा. शिकाऊ पोराला आयटीआयला पाठवावे.

जर्नेलसिंग तोच होता, फक्त जागा बदलली होती.