शांत झालेली दाढ

आपल्याकडे दाढदुखीला कोणी आजार मानत नाही. लवंग धरायची, मेडिकलमधून गोळी आणायची. ठणका थांबला की विषय संपला. पण किडलेली दाढ आठवडाभर ठणकून एकाएकी शांत होते, तेव्हा पुष्कळदा तिच्यातली नस मेलेली असते. दुखायला काही उरलेले नसते. जंतू मात्र मुळाच्या टोकाशी पोचलेले असतात. दातांमुळे मानेत पसरणाऱ्या गंभीर संसर्गाची सुरुवात बहुधा अशी निमूटपणे होते.

१८३६ मध्ये श्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म फ्रिडरिश फोन लुडविग यांनी जबड्याखाली झपाट्याने पसरणाऱ्या, लाकडासारख्या कडक सुजेचे वर्णन केले. तिला आजही ‘लुडविग अंजायना’ म्हणतात. हृदयाच्या दुखण्याशी तिचा संबंध नाही. ‘अंजायना’ या शब्दाच्या मुळाशी गळा आवळला जाणे हा अर्थ आहे.

गळा आवळला जातो तो आपल्या जबड्याच्या रचनेमुळे. तोंडाचा तळ एका पातळ स्नायूने तोललेला असतो. खालच्या जबड्यातली दुसरी दाढ आणि अक्कलदाढ यांची मुळे सहसा या स्नायूच्या खाली उतरतात. तिथला संसर्ग हिरडीवर फोड न येताच जबड्याखालच्या मऊ जागेत शिरतो, तिथून दोन्ही बाजूंना आणि जिभेखाली पसरतो. जीभ वर आणि मागे ढकलली जाते, श्वासाची वाट अरुंद होते. घशामागच्या पदरांतून पू थेट छातीतही उतरू शकतो.

या आजाराच्या इतिहासातला एक टप्पा मला फार मोलाचा वाटतो. १९४० मध्ये अमेरिकेतल्या विल्यम्स यांनी मांडलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावले होते. १९४३ मध्ये त्यांनीच गुराल्निक यांच्यासोबत आणखी २० रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांत मृत्यूचे प्रमाण १० टक्क्यांवर आले होते. पेनिसिलिन तेव्हा सर्वसामान्य रुग्णांना मिळत नव्हते. आधी श्वासाचा मार्ग सुरक्षित करायचा आणि वाट न पाहता चिरा देऊन दाब मोकळा करायचा, एवढ्याने हा फरक पडला.

उपचारांचा क्रम आजही तोच आहे. श्वास धोक्यात असेल तर दुर्बिणीच्या मदतीने नळी घालतात किंवा गळ्याला छिद्र पाडून श्वासाची सोय करतात. शिरेतून प्रतिजैविके सुरू होतात, सीटी स्कॅनमध्ये संसर्गाची व्याप्ती कळते, पू काढला जातो आणि मूळ कारण असलेली दाढही काढतात. नुसत्या गोळ्यांनी साचलेला पू जात नाही. मधुमेह असेल तर संसर्ग वेगाने पसरतो, म्हणून साखरेवरही लगेच लक्ष द्यावे लागते.

निदान लवकर व्हायचे तर खुणा घरातच ओळखता आल्या पाहिजेत. तोंड दोन बोटेही उघडत नाही, गिळताना दुखते, लाळ गळते, तोंडात घास धरल्यासारखा आवाज येतो, जबड्याखाली कडक सूज आणि ताप आहे, आडवे झाल्यावर गुदमरते: यांतले काहीही दिसले तर रात्र काढू नये. १०८ला फोन करून, शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. शेक देणे, उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेणे, ‘सूज उतरल्यावरच दाढ काढू’ म्हणून थांबणे यात हातचे तास जातात. दाढ काढली की नजर जाते, ही भीती तर निखालस खोटी आहे.

कीड वेळेत भरून घेतली, रूट कॅनल केले किंवा दाढ काढली, तर पुढचे सारे टळते. यंदा फराळाला बसाल तेव्हा पाहा: घरातले कोणी चकली एकाच बाजूने चावत असेल, तर दुसऱ्या बाजूची दाढ दुखायची कधी थांबली, ते त्यांना जरूर विचारा.