आतल्या भिंतीला कुठे लाटा लागतात?

पावसाळ्यात हर्णैच्या बंदरात गेलात, तर ओढून वर घेतलेल्या होड्या दिसतील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. सारी डागडुजी तेवढ्यातच उरकायची. अशाच एका ट्रॉलरच्या केबिनमध्ये मी गेल्या वर्षी वाकून उभा होतो आणि नाखवा पेचकसाने आतली भिंत टोचून दाखवत होते. टोक लोण्यात शिरावे तसे आत गेले. बाहेर आला तो काळा, ओला भुसा.

"साहेब, हा तुमच्याच कर्जातला प्लाय," नाखवा हसत म्हणाले.

मला हसू आले नाही. २०१७ साली मी बँकेत असताना त्यांच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात 'मरीन प्लाय' असे स्वच्छ लिहिले होते. रक्कम मर्यादेत बसेना, म्हणून मीच 'मरीन' हा शब्द खोडला. आतल्या भिंतीला कुठे लाटा लागतात, असा युक्तिवादही केला. पुढे दोनदा त्यांनी पदरचे पैसे घालून ठिगळे लावली. त्याच भिंतीला टेकून चार खलाशी झोपतात आणि तिच्यामागूनच दिव्याच्या वायरी जातात, हे माझ्या टेबलावरून दिसत नव्हते.

लाटा लागत नाहीत हे खरेच. पण छपराच्या सांध्यातून पावसाचे पाणी झिरपते आणि माणसांच्या श्वासाची, चहाच्या वाफेची ओल पत्र्यामागे साचते. खाऱ्या पाण्यापेक्षा हे गोडे पाणीच लाकूड लवकर कुजवते.

प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले. खरा फरक त्या डिंकात असतो. घरातल्या कपाटाच्या साध्या प्लायला युरियाचा डिंक असतो, तो ओलीत दम सोडतो. मरीनला फिनॉलचा. आयएस ७१० या मानकानुसार त्याचा नमुना ७२ तास उकळूनही सुटता कामा नये. शिवाय मधल्या थरांत पोकळ जागा नकोत, कारण पाणी तिथेच दडून बसते. लालसर रंगावर मात्र जाऊ नये, रंग लावताही येतो. शिक्क्याखालचा परवाना क्रमांक मानक ब्युरोच्या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येतो. तो आम्ही तिथेच दुकानात तपासला.

नाखवांचा त्यावरही विश्वास नव्हता. दोन दुकानांतून त्यांनी तळहाताएवढे तुकडे मागून आणले आणि वहिनींच्या जुन्या पातेल्यात दिवसभर उकळत ठेवले. घरभर उग्र वास, वहिनींचा संताप वेगळाच. संध्याकाळी स्वस्तातला तुकडा चिरोट्यासारखा पदरापदराने सुटला. दुसऱ्यात पेचकस घालून मी जोर केला, तर लाकूड फाटले, सांधा नाही.

मिस्त्रींना १२ मिलिमीटरची जाड शीट हवी होती. "मजबूत होईल." पण भिंतीवर काही तोलायचे नव्हते आणि केबिन होडीच्या वरच्या अंगाला, तिथे वजन वाढले की होडी जास्त डोलते. आठ बाय चारची १२ मिलिमीटरची शीट वीस किलोंच्या पुढे जाते, सहाची त्याच्या निम्मी. शेवटी नऊवर तडजोड झाली.

मरीन आणला की काम संपले, हाही भ्रमच. पाणी शिरते ते कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून. म्हणून कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने बंद केली, पाठीमागच्या बाजूलाही रंग दिला आणि पट्ट्या ठोकून मागे हवेला बोटभर वाट ठेवली. आधी छपराचा सांधा दुरुस्त केला, हे सांगायचे राहिलेच. ते न करता नवी शीट लावणे म्हणजे गळक्या घराला चुना काढणे.

एक शीट कमी पडली आणि पैसेही संपले. जाळी ठेवायच्या कोपऱ्यातली भिंत तशीच राहिली आहे. या वर्षीच्या बंदीत ती करायची, असे नाखवांनी मला दोनदा फोन करून सांगितले आहे.