कबड्डीतील निष्फळ चढाई : डावपेच आणि सामना-विश्लेषण

प्रस्तावना :
आंतरराष्ट्रीय रग्बी सामन्यांत संघ अनेकदा हाती असलेला चेंडू स्वतःहून लाथेने दूर पाठवतो. चेंडूचा ताबा जातो, परंतु खेळ प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात सरकतो. वरकरणी तोट्याची दिसणारी अशी कृती कबड्डीतही आढळते. ती म्हणजे निष्फळ चढाई. या चढाईचे विश्लेषण कसे करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्वरूप व उपयोग :
पुरुषांच्या क्रीडांगणावर निदान रेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटर अंतरावर असते. ती ओलांडून, कोणाला बाद न करता वा बोनस न घेता चढाईपटू सुखरूप परतल्यास कोणत्याही संघास गुण मिळत नाही. चढाईची मर्यादा 30 सेकंदांची असल्याने आघाडीवरील संघ प्रत्येक चढाईत अर्ध्या मिनिटापर्यंत वेळ घालवू शकतो. शिवाय आपला प्रमुख चढाईपटू पकडला न गेल्याने प्रतिस्पर्ध्याचा बाहेर बसलेला गडी उठत नाही.

मर्यादा :
सलग दोन निष्फळ चढायांनंतर संघाची तिसरी चढाई ‘करा वा मरा’ स्वरूपाची ठरते. तीत गुण न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो व प्रतिस्पर्ध्यास गुण मिळतो. समोर सहापेक्षा कमी बचावपटू असल्यास बोनसचा मार्गही बंद असतो. तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी पकड केल्यास त्यांना अव्वल पकडीचा जादा गुण लाभतो. अर्थात, पहिल्या दोन चढायांत टाळलेला धोका तिसरीत एकवटतो.

हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत 7 ऑक्टोबर 2023 रोजी भारत-इराण पुरुष अंतिम सामना 28-28 असा बरोबरीत असताना पवन सेहरावत याची चढाई अशीच ‘करा वा मरा’ होती. राखीव क्षेत्राच्या नियमावरून वाद होऊन सामना बराच वेळ थांबला. अखेर भारताने 33-29 असा विजय मिळवला. महाराष्ट्राचे अस्लम इनामदार व आकाश शिंदे या संघात होते. आधीच्या दोन निष्फळ चढायांविना ती निर्णायक चढाई त्या स्वरूपात उद्भवलीच नसती. गुणपत्रकात मात्र त्या दोन्हींची नोंद शून्य एवढीच राहते.

निष्कर्ष :
यावरून विश्लेषणाचे एकक सुटी चढाई नसून तीन चढायांची मालिका असावे, हे स्पष्ट होते. प्रत्येक चढाईच्या वेळी दोन्ही बाजूंचे खेळाडू, गुणफरक, उरलेला वेळ व तिसऱ्या चढाईचा परिणाम एवढ्या चार नोंदी पुरेशा आहेत. त्यासाठी वही व घड्याळ याखेरीज साधन लागत नाही. सोलापूर परिसरातील महाविद्यालयीन संघांच्या शारीरिक शिक्षण संचालकांना ही पद्धत सहज अवलंबिता येईल. केवळ गुणांवरून चढाईपटूची निवड केल्यास, संघाच्या हितासाठी संयमाने रिकामा परतणारा खेळाडू वगळला जाण्याचा संभव असतो. हा अन्याय अशा नोंदींमुळे टळू शकेल.