मार्गज दोष आणि वनातील अनावश्यक रस्ते

औषधी कोठून घेऊ नयेत हे सांगताना शार्ङ्गधराचार्यांनी वारूळ, स्मशान व खारवट जमीन यांच्या पंक्तीत मार्गही बसविला आहे. रस्त्यालगत उगवलेली, म्हणजे मार्गज वनस्पती कार्यसाधक होत नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. बैलगाडीच्या काळातील हा नियम मालमोटारींच्या काळात अधिकच पाळण्याजोगा आहे. परंतु रस्ताच वनाच्या गाभ्यात शिरला, तर निर्दोष भूमी उरावी कोठे?

आपल्या बीड जिल्ह्यात वन मुळातच थोडे. बालाघाटाच्या उतारांवरील पानझडी झाडोरा हीच आपली पुंजी. पाटोदा तालुक्यात १९९४ साली घोषित झालेले नायगाव मयूर अभयारण्य अवघे ३० चौ. कि.मी.च्या आसपास आहे. एवढ्या लहान वनात एखादी जादा वाटही पुष्कळ हानी करते. चाकांखाली माती दबते, पाणी मुरण्याऐवजी चाकोरीतून धावते व घळ पडते. कडेने गाजरगवत व घाणेरी माजते. शतावरी, मुसळी समूळ खणून नेणाऱ्यांचे वाहन थेट आत पोहोचते.

असा रस्ता केवळ अडवून भागत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात रेडवूड राष्ट्रीय उद्यानाचा १९७८ साली विस्तार झाला, तेव्हा तोड झालेल्या जमिनीबरोबर लाकूड वाहतुकीचे रस्तेही उद्यानात आले. बेवारस रस्त्यांच्या मोऱ्या तुंबतात, भराव खचतो व गाळ ओढ्यात उतरतो. म्हणून तेथे मोऱ्या काढून ओढ्यांची पात्रे मोकळी केली गेली, भराव उचलून मूळ उतारावर टाकला गेला आणि दबलेली माती उकरली गेली. आपल्या परिभाषेत हे शोधन होय. कर्नाटकातील बंदीपूर येथे २००९ पासून महामार्गावर रात्री ९ ते सकाळी ६ वाहतुकीस बंदी आहे. तो उपाय शमनाचा. जो रस्ता काढता येत नाही, तेथे तोही हितकर आहे.

सर्वच रस्ते अनावश्यक नसतात, हे विसरता कामा नये. वाडी-तांड्यावरील बाळंतिणीला दवाखान्यात आणणारा रस्ता हवाच. २००६ च्या वनहक्क कायद्यातही ग्रामसभेच्या शिफारशीने अशा रस्त्यासाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे. प्रश्न आहे तो काम संपल्यावरही उघड्या राहिलेल्या वाटांचा. कोणती वाट कोणाच्या उपयोगाची आहे, हे ग्रामस्थांना विचारूनच ठरवावे.

वैद्यबंधूंनी आपल्या परिसरातील अशा वाटा पाहून ग्रामसभा व वनविभाग यांच्या निदर्शनास आणाव्यात. औषधालयांच्या चालकांनी कच्चा माल घेताना भावाबरोबर संग्रहस्थानही विचारावे. भूमी दूषित असेल, तर पुढे कितीही भावना दिल्या तरी द्रव्याचे मूळ वीर्य परत येणार नाही.