रक्ताची गुठळी

दिवाळीच्या सुमारास हसनाबादच्या शिवारात कापसाची वेचणी सुरू होते. उकललेल्या बोंडांची वाळकी टोके सुईसारखी तीक्ष्ण असतात. ती बोचून वेचणाऱ्यांच्या बोटांतून दिवसाकाठी कितीदा तरी रक्त येते. बोट क्षणभर दाबून धरले की ते थांबते व पुढे तेथे खपली धरते. हे कसे बरे घडते?

रक्तवाहिनीला छिद्र पडताच रक्तातील रक्तपट्टिका नावाच्या अतिसूक्ष्म कणिका तेथे जमतात आणि एकमेकींना चिकटून ते बुजवू लागतात. पाठोपाठ रक्तात विरघळलेल्या एका प्रथिनाचे बारीक धागे बनतात. त्यांच्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकल्या की गुठळी तयार होते. जखम भरून येऊ लागली की शरीरच ती हळूहळू विरघळवून टाकते.

परंतु हीच गुठळी धडधाकट रक्तवाहिनीच्या आत धरली तर? रक्षकच वाटमारी करू लागावा, तसा तो प्रकार होय. हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी तिने अडविली तर हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूची वाहिनी अडविली तर पक्षाघात होतो. हाड मोडून मनुष्य दीर्घकाळ अंथरुणास खिळला, तर त्याच्या पायांच्या शिरांतील रक्ताचा ओघ मंदावतो व तेथे गुठळी धरू शकते. मग बहुधा एकच पाय सुजतो व ठणकतो. आपल्याकडे असा पाय तेल लावून चोळण्याची रीत आहे. प्रेमापोटीच घरची माणसे तसे करतात. पण ते फार घातक! गुठळी सुटून रक्ताबरोबर हृदयात व तेथून फुप्फुसात जाते आणि प्राणावर बेतते. गुठळीचा हा प्रवास रुडॉल्फ व्हिर्खो या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उलगडून दाखविला. म्हणून अशा रोग्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. तेथे गुठळी वाढू न देणारी औषधे देतात.

याच्या उलट संकट घोणस आणते. तिच्या विषामुळे रक्तात जागोजागी सूक्ष्म गुठळ्या होऊ लागतात आणि गोठविणारे द्रव्य त्यांतच खर्ची पडते. मग साधी जखमही वाहतच राहते; हिरड्यांतूनसुद्धा रक्त येऊ लागते. सर्पदंश झालेल्या माणसाचे थोडे रक्त डॉक्टर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात, नळी २० मिनिटे न हलविता ठेवतात आणि मग कलती करून पाहतात. रक्त गोठलेले नसेल, तर घोड्यांच्या रक्तापासून बनविलेले प्रतिविष ते तत्काळ टोचतात.